डिक्की रिकामी असल्याबाबत

नोकरीच्या सव्वीस वर्षांत मी पुष्कळ कागदांवर सह्या केल्या. त्यांतली जाणूनबुजून केलेली खोटी सही एकच. ती सरकारी कागदावर नव्हती, हे मी बरेच दिवस स्वतःला समाधान म्हणून सांगत होतो. आदिलाबादेत नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर व्हील अलाइनमेंटचं एक दुकान होतं. तिथल्या, ग्रीसचा अंगठा उमटलेल्या पिवळ्या कागदावर ती सही आहे. वर त्या दुकानदाराच्या अक्षरात लिहिलंय: चालवणारा एकटा. वजन बहात्तर किलो. डिक्की रिकामी. तीनपैकी दोन गोष्टी खोट्या. त्या दोन गोष्टींपायी एका चांगल्या कारागिराचं नाव गावात खराब झालं आणि ते मी केलं.

मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, याहिले बोलतं कराचं तं आधी अर्जी द्या लागते. कचेरीतही मी कमीच बोलतो. कुठली कचेरी ते सांगत नाही, कचेरीचा यात काही दोष नाही. पण कमी बोलणाऱ्याचा एक धोका असतो, तो मला उशिरा कळला. तो खोटं बोलला तर लोक ते जास्त खरं मानतात.

सुरुवात व्हॅनपासून करायला पाहिजे.

वडिलांचं शेत जैनथकडे आहे. काळी जमीन, विहिरीचं पाणी. आजूबाजूला सगळे कापूस आणि सोयाबीन लावतात. वडील मात्र वांगी, मेथी आणि सांबार लावतात. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. माझ्याकडे एक जुनी पांढरी व्हॅन होती. पहाटे गावी जायचं, माल भरायचा, शहरातल्या भाजीबाजारात टाकायचा, घरी येऊन आंघोळ करायची आणि दहाला कचेरीत हजर. वर्षानुवर्षं हे चालू होतं आणि कचेरीत कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं, असं मी म्हणायचो. तेही पूर्ण खरं नाही. एकाने विचारलं होतं, व्हॅनला मेथीचा वास कसा येतो. मी म्हणालो, बायकोला मेथी आवडते.

मग आमच्या सुपरिंटेंडेंट साहेबांच्या मुलीचं लग्न आलं. साहेब मराठीच, पण वेगळ्या पायरीवरचे. पणजोबा निजामाच्या महसुलात होते, तेव्हापासून घरात सगळे पगारी. बोलताना उर्दू अशी सहज येते की ऐकणाऱ्याला आपला शर्ट बिनइस्त्रीचा वाटू लागतो. मी नवा सफारी घातला, बायको जरीची साडी नेसली, आणि फंक्शन हॉलच्या कमानीखाली गेटवाल्याने व्हॅनच्या बॉनेटवर काठी आपटून तेलुगूत सांगितलं, "भाजीची गाडी मागच्या गेटनं."

बायको म्हणाली, "सांगा नं त्याले, पाहुणे हावो म्हणून."

मी व्हॅन मागे घेतली.

मागे आचारी वाटच पाहत होता. मी उतरायच्या आत त्याने मागचं दार उघडलं आणि ओरडला, "सांबार कुठाय?" आणि खरंच व्हॅनमध्ये सांबाराच्या दोन जुड्या पडलेल्या होत्या. त्या त्याने घेतल्या. आम्ही दोघं स्वयंपाकघरातून, कढयांच्या मधून, हॉलमध्ये पोचलो. समोर साहेब. "अरे, तुम्ही मुदपाकखान्यातून?" मी म्हणालो, "व्यवस्था पाहत होतो." पुढचा महिनाभर साहेब कचेरीत सांगत होते की बाकीचे जेवायला आले होते, एकच माणूस कामाला आला होता.

दोन महिन्यांनी मी व्हॅन विकली आणि ज्या गाडीपायी ती सही झाली ती आणली.

लाल. दोन दारांची. मागे पंख. हैदराबादच्या एका कॉम्प्युटरवाल्या तरुणाकडून घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार. त्याने स्प्रिंगा कापून ती इतकी खाली बसवली होती की चाक आणि पत्रा यांच्यात एक बोट जेमतेम जाई. "अंकल, रोडला चिकटून चालते," तो म्हणाला होता. खरं बोलला. जैनथच्या रस्त्यावर प्रत्येक स्पीडब्रेकरला ती चिकटली. मी तिरपी घालायला शिकलो. आधी एक चाक, मग दुसरं, असा कोळ्यासारखा गतिरोधक ओलांडायचा. मागून येणारे बैलगाडीवाले थांबून पाहायचे. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव घोरपड ठेवलं.

वडिलांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. शहात्तर वर्षांचा माणूस. वाकून आत पाहिलं.

"बसाचं कुठून?"

"दारातूनच, बाबा."

"हे दार हाये? मले वाटलं खिडकी." मग जरा थांबून, "मंग माल कायात नेतं?"

याचा मी विचारच केला नव्हता, असं नाही. गावातला एक ऑटोवाला ठरवला होता. तो दोनदा आला. मग कापूस फुटला, त्याला वेचणीच्या बाया ने-आण करायचं काम मिळालं, आणि वांग्यांसाठी यायला तो काही वेडा नव्हता. तिसऱ्या दिवशी मी स्पोर्ट्स कारचं मागचं सीट आडवं पाडलं. वांग्यांचे क्रेट, त्यावर ओल्या गोणपाटात मेथी, फटीफटीत सांबार. दीडशे किलो तरी. घोरपड मागून बसली आणि पुढून वर पाहू लागली. जवळजवळ रोज पहाटे, काचा वर करून मी हा माल नेऊ लागलो. बाजारातून घरी आलो की पाइप लावून गाडी आतून-बाहेरून धुवायची, वर फवारा मारायचा मोगऱ्याचा. एकदा कचेरीत खाली उतरताना माझ्या पँटला वांग्याचा देठ चिकटलेला निघाला. काट्यासकट. तो मी खिशात टाकला आणि मांडीला दिवसभर टोचून घेतला.

पण कचेरीत मान वाढला, हे कबूल केलं पाहिजे. साहेब मला 'रेसर' म्हणू लागले. बावन्न वर्षांच्या, एक्क्याण्णव किलोच्या माणसाला कोणी रेसर म्हटलं की तो फार विरोध करत नाही.

गाडी घेऊन महिना झाला तेव्हा स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागलं. साहेब म्हणाले, चला, आम्हीही येतो, राइड होईल. साहेब पुढे आणि माझ्या सेक्शनमधले एक जण मागे पाय पोटाशी घेऊन, असे आम्ही त्या दुकानात गेलो.

दुकानवाला पस्तिशीचा. वांकिडीकडचा, मराठीच. नागपुरात काम शिकून आलेला. त्याच्याकडे कॅमेऱ्याचं मशीन होतं: चारी चाकांना पंजे लावायचे, मग पडद्यावर आकडे उमटतात, चुकलेले लाल, बरोबर असलेले हिरवे. आमची गाडी रॅम्पवर चढेना, पोट टेकलं. त्याने फळ्या आणल्या, उतार केला आणि गाडीखाली डोकावून म्हणाला, "बुटकी केली हाये."

"त्याने काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"काई नाई होत जी, फक्त हिशोबात राहा लागते. माणसाचे गुडघे आत वळले का चप्पल आतून झिजते नं? तसंच. वजन पडलं का गाडी बसते, बसली का चाकं वरून आत झुकतात. उंच गाडी थोडंफार खपवून घेते. बुटकी नाई घेत. म्हणून मी आधी इचारतो, गाडीत रोज काय वजन राह्यते. तेवढं वजन ठेवूनच चाकं उभे करतो."

ही त्याची पद्धत होती. मालकाला सीटवर बसवायचा नाही, कारण मालक हलतो, फोन घेतो, वाकून पडदा पाहतो. त्याऐवजी वाळूच्या पिशव्या. दोन किलोची, पाचाची, दहाची, वीसची, वर रंगाने आकडे टाकलेले. मालक सांगेल तेवढं वजन सीटवर, डिक्कीत, जिथे असेल तिथे. मग मोजायचं. आणि सांगितलेलं कागदावर लिहून मालकाची सही.

"तुमचं वजन किती जी?"

तिथे काटा नव्हता. साहेब होते. साहेब दोन महिन्यांपासून भाकरी सोडून चौऱ्याहत्तरवर आले होते आणि ते आम्हाला रोज कळत होतं. मी म्हणालो, "बहात्तर."

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं नाही. हे त्याचं चांगलं वळण. सीटवर बहात्तर किलोच्या पिशव्या मांडल्या. मग एक पाचाची आणखी ठेवली.

"ही कशाची?"

"मोबाइल, पाकीट असन नं," तो म्हणाला. "मागं कोण बसते?"

"कोणी नाही."

"डिक्कीत?"

"रिकामी."

"कधीमधी बी नाई? तांदळाचं पोतं, सिलिंडर?"

इथे साहेब हसले. "अरे मियाँ, स्पोर्ट्स कार आहे ती. त्यात काय भाजी भरणार आहेत?"

सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ चाललं.

मग सही केली. पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले. हिरव्या आकड्यांचा कागद त्याने मला दिला, पिवळ्या कागदाची एक प्रत दिली, एक स्वतःकडे ठेवली.

चार महिन्यांनी मागून घूंघूं आवाज येऊ लागला. मग एक दिवस कचेरीच्या आवारातच मागचं टायर बसलं. चाक काढलं तेव्हा आठ-दहा जण भोवती होते. बाहेरून टायर नवं दिसत होतं, नक्षी शाबूत. आतली कड मात्र संपलेली, तारा उघड्या पडलेल्या. दुसरंही तसंच. कारण मला बघताक्षणी कळलं. गाडी रिकामी धरून चाकं उभी केलेली, आणि वर रोज दीडशे किलो वांगी.

साहेब वाकून तारांना बोट लावत म्हणाले, "त्याच दुकानातून केलं होतं ना?"

ही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हो. आता काय बोलणार."

बोलक्या माणसाने शंभर शिव्या दिल्या असत्या तरी एवढं नुकसान झालं नसतं. 'आता काय बोलणार' हे कचेरीभर गेलं. टायर सायकलस्टँडपाशी उभं करून ठेवलं होतं. येणारा-जाणारा तारांना बोट लावून बघायचा. अर्ज घेऊन आलेले लोकसुद्धा. दोन दिवसांनी चहावाल्याने ते नेऊन टपरीशेजारच्या लिंबाला टांगलं आणि टॅक्सीवाल्यांनाही दर्शन झालं.

त्याच सुमारास कचेरीच्या दोन जीपांचं वर्षभराचं काम त्या दुकानाला द्यायचं घाटत होतं. साहेबांनी मला अभिप्राय लिहायला सांगितला, अनुभव माझा होता म्हणून. मी तेलुगूत चार ओळी लिहिल्या. डिक्की रिकामी असल्याचे ग्राहकाने लेखी देऊनही चार महिन्यांत टायर निकामी झाल्याचे, आणि काम समाधानकारक नसल्याचे. सोबत पिवळ्या कागदाची नक्कल जोडली. मसुदा झकास उतरला होता. लिहिताना मला वाईट वाटत होतं, हे खरं. आणि मसुदा जमल्याचं बरंही वाटत होतं, हेही खरं. इतक्या वर्षांच्या सवयीने माणूस असा होतो.

पुढच्या रविवारी तो माझ्या घरी आला. भांडायला येतोय असं वाटून मी आतून कडी लावायला निघालो होतो. पण तो हातात मोजायचं अवजार आणि स्कूटरला बांधलेली दोन टायरं घेऊन आला होता. गाडी धुऊन उभी होती. तो खाली घुसला, अर्धा तास पाठीवर पडून होता. बाहेर आला, हात पुसले.

"साहेब, रागावू नका. एकच इचारतो. काई चढवता का याच्यात?"

बायको चहा घेऊन दारात उभी होती.

"नाही," मी म्हणालो.

बायकोने कप माझ्यापुढे न ठेवता त्याच्यापुढे ठेवला. दोन्ही कप.

"मंग माझ्याच हातात खोट हाये," तो म्हणाला. दोन घोट घेतले, आणि आणलेली टायरं त्याने स्वतःच्या हाताने बसवून दिली. त्याबद्दल काही घेतलं नाही. मी ती बसवू दिली. पहिलं खोटं चारचौघांत घाईत बोलून गेलो असं तरी म्हणता येईल. हे दुसरं मी माझ्या ओट्यावर, सावकाश, त्याच्या डोळ्यांत पाहून बोललो.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "तुमचा बाप वांगे पिकवते. चोरी नाई करत." मी वर्तमानपत्र उघडलं. उलटं नव्हतं, पण वाचतही नव्हतो.

त्याने हैदराबादहून मशीनचा माणूस बोलावला. मशीन ठीक निघालं. त्याने माझी गाडी पुन्हा दोनदा नेली, पुन्हा त्याच सत्याहत्तर किलोच्या पिशव्या ठेवून आकडे हिरवे केले. आणि त्याची टायरं पुन्हा आतून झिजू लागली. टॅक्सीवाले दुसरीकडे जाऊ लागले. शाळेच्या गाड्या गेल्या. एकदा मी दुकानासमोरून जाताना पाहिलं, तो रिकाम्या रॅम्पवर स्वतःचीच जुनी गाडी चढवून मोजत होता. मी आरशात पाहायचं टाळलं.

तो मशीन विकतोय, ही बातमी वडिलांकडून कळली. त्या दिवशी ते माझ्यासोबत बाजारात आले होते. परतताना, गुडघे छातीशी घेऊन, म्हणाले, "तो वांकिडीवाला मशीन विकून राह्यला म्हणे. काऊन? पोरगा तं चांगला होता. आडत्या म्हणे, त्याच्या हातचं काम आता बरोबर नाई."

मी गाडी बाजूला घेतली आणि वडिलांना सगळं सांगितलं. ज्याला सांगितलं असा पहिला माणूस तोच. सांगायला पाच मिनिटं लागली, एवढंच होतं ते.

त्यांनी काच खाली केली. मग म्हणाले, "म्हणजे तुले लाज वाटली."

"हाव."

"वांग्याची का माही?"

मी गाडी सुरू केली. त्या दिवशी उत्तर दिलं नाही. इथे लिहितो: तुमची, बाबा.

गावाचा फाटा आला तेव्हा ते म्हणाले, "त्याच्याकडं कधी जातं?"

"रविवारी जातो."

"मी बी येतो. वजन पाहाचं नं त्याले? मले बी मोजू दे."

रविवारी सकाळी आम्ही बाजारात न जाता थेट दुकानात गेलो. क्रेट, गोणपाट, मेथी आणि पुढे वडील. दुकानात तो एकटाच होता, मशीनच्या वायरी गुंडाळत. दुपारी पैनगंगेपलीकडून घेणारा यायचा होता. मी उतरलो, डिक्की उघडली आणि म्हणालो, "हे रोज असतं. पहिल्यापासून. मी खोटं बोललो. वजनही एक्क्याण्णव आहे."

त्याने वांग्यांकडे पाहिलं. मग वायरी पुन्हा उलगडल्या, फळ्या लावल्या. वडिलांना उतरवायला गेला तर ते उतरेनात. "मोज मले," म्हणाले. मला सीटवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मालकाला सीटवर बसवलं असेल. चाकांना पंजे लावले. पडदा लागला.

मागचे सगळे आकडे लाल.

आणि तो आनंदाने ओरडला. "म्हणजे मी बरोबर होतो! बरोबर होतो मी!" पडद्यापुढे उभा राहून मांडीवर हात मारला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारून आणलं, "हे पाह्य, लाल! पाह्य!" वेल्डिंगवाल्याला काही कळलं नाही, तोही हसला. असं मिनिटभर चाललं असेल. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि हसणं हळूहळू उतरलं.

"साहेब, मी डोळ्याचा डॉक्टर केला जी," तो म्हणाला. "चष्मा लावून पाह्यला. वाटलं, आपल्याले रेघ सरळ दिसत नाई आता."

मी सीटवरून उठूही शकत नव्हतो, पंजे लावलेले होते. वडील माझ्या बाजूला बसून पुढच्या काचेतून बघत होते.

शेवटी तोच म्हणाला, "इथं सांगून काई होत नाई. मले समजलं, झालं. पण गिऱ्हाईक तुमच्या कचेरीतून तुटलं अन् टॅक्सीस्टँडावरून. तिथं सांगान का? सांगत असान तं मी त्या घेणाऱ्याले आठ दिवस थांबवतो."

"सांगतो," मी म्हणालो.

सोमवारी चहाच्या वेळी मी उभा राहिलो. मी स्वतःहून उभा राहिल्याचं पाहून चमचे थांबले. मी सांगितलं. व्हॅन, वांगी, वजन, सही, अभिप्राय, सगळं. पुरावा म्हणून पिशवीभर वांगी टेबलावर ठेवली.

मग साहेबांनी चष्मा काढला. डोळे ओले होते, खोटं नाही सांगत.

"दिलदार माणूस," ते म्हणाले. "एका गरीब कारागिराचं दुकान वाचावं म्हणून स्वतःवर इल्जाम घेतो!"

"साहेब, खरंच मी..."

"बस्स. काही बोलू नका. स्पोर्ट्स कारमध्ये वांगी! बनवायलाही येत नाही तुम्हाला."

मी म्हणालो, अभिप्राय बदलून देतो. तर ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या अभिप्रायाची मिसल वर रवाना झाली. आणि बदलायचा कशाच्या आधारावर? डिक्की रिकामी असल्याबाबत तुमची लेखी दस्तखत आहे. आता तुम्ही तोंडी म्हणता भरलेली होती. उद्या चौकशी झाली तर काय धरायचं, कागद की तोंड?" मी म्हणालो, लेखी देतो. ते म्हणाले, दोन लेखी झाले तर पहिलं धरतात.

वांगी मात्र सगळ्यांनी वाटून घेतली. दुसऱ्या दिवशी कोणी म्हणालं, चव वेगळीच होती, कुठल्या दुकानातून घेतली? मी म्हणालो, वडिलांनी पिकवली. हशा झाला.

एक अटेंडर, म्हणजे शिपाई, होता, भाजीबाजारामागे राहणारा. तो व्हरांड्यात हळूच म्हणाला, "सारू, मी तर तुमाले रोज पाहतो तिथे क्रेट उतरवताना." मला एवढा आनंद झाला! त्याला धरून साहेबांपुढे नेलं. साहेबांनी त्याचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "याला कशाला यात ओढता?"

टॅक्सीस्टँडावर गेलो. तिथेही तेच. एक जण म्हणाला, "त्याने पाया पडून तुमाले पाठवलं असन, साहेब. तुमी भले हा." त्यांना म्हणालो, उद्या सहा वाजता बाजारात या, डोळ्यांनी बघा. हो हो म्हणाले. कोणी आलं नाही. मी क्रेट सावकाश उतरवले, उगाच एकदा परत चढवून पुन्हा उतरवले. लिंबावरचं टायर काढायला गेलो तर चहावाला म्हणाला, राहू द्या सर, लोक पत्ता त्याच्यावरूनच सांगतात.

आठ दिवस भरले. मशीन टेंपोत चढवताना मी तिथे होतो. हात लावायला गेलो, त्याने लावू दिला. खोकी, पंजे, पडदा, फळ्या. वाळूच्या पिशव्या घेणाऱ्याला नको होत्या, त्या तशाच राहिल्या. टेंपो पैनगंगेच्या दिशेने गेला. मी त्याला सांगत होतो की उद्या पुन्हा साहेबांशी बोलतो, तालुक्याला दुसरे एक ओळखीचे आहेत त्यांना सांगतो, हवं तर दुकानापुढे बोर्ड लावतो माझ्या सहीचा.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "साहेब, हात जोडतो, आता कोणाले सांगू नका. तुमी जितकं सांगता तितके लोक तुमाले भले म्हणून राह्यले, अन् मले बेकार."

तो आता ट्रॅक्टरच्या टायरांचं पंक्चर काढतो, तिथेच, अर्ध्या शटरात. मी समोरून जातो तेव्हा मान हलवतो. कधी बोलतोही.

मी गावात सांगायचं थांबवलं. इथे लिहिलं, कारण वाचणारा मला ओळखत नाही आणि माझ्याबद्दल चांगलं बोलायचं त्याला काही कारण नाही. डिक्कीत दीडशे किलो माल होता. मशीन बरोबर होतं आणि त्याचा हातही.